दाजींचा तक्ता

पाठ केलेली गोष्ट माणसाला कधी दगा देत नाही, यावर देवापेक्षाही जास्त विश्वास असलेला एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमच्या हुबळीकडं बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. मी म्हणतो म्हणून माझी मुलगीही त्यांना दाजीच म्हणते, आणि दुर्गदबैलात माझं कापडाचं दुकान आहे तिथले हमालसुद्धा ते कोपऱ्यावर दिसले की "दाजी बंद्रु", दाजी आले, म्हणून मला आधीच सावध करतात. सावध करण्याचं कारण असं की दाजी दुकानात आले की गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ते त्याला पाऊणकीचा पाढा म्हणून दाखवल्याशिवाय सोडत नाहीत.

दाजी इथल्या एका जुन्या मराठी शाळेत चौथीचे मास्तर. तीसएक वर्षं त्यांनी चौथीच शिकवली. वर चढले नाहीत, खाली उतरले नाहीत. पाढे तर पाठ असणारच, पण पावकी, निमकी, पाऊणकी ही ज्यांना आता कुठल्याच पुस्तकात जागा उरली नाही तीही त्यांनी स्वतःच्या जिवावर जगवली होती. हुबळी स्टेशनावरून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ, आणि त्यात बंद पडून जमाना झालेल्या गाड्याही असत. दाजीबानपेठेतली दुकानं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं म्हणून दाखवत. माझ्या लग्नात भटजी मंगलाष्टकाच्या तिसऱ्या कडव्याला अडखळले तेव्हा अंतरपाटाच्या मागून दाजींनी जो आवाज दिला तो शेवटच्या "सावधान"पर्यंत थांबलाच नाही, आणि भटजी बिचारे अक्षता हातात धरून इतर पाहुण्यांसारखे ऐकत उभे राहिले. अक्का त्यांना किराणा आणायला पाठवी तेव्हा कागदावर यादी घेऊन जाणं त्यांना कमीपणाचं वाटे. चालीवर यादी पाठ करून जात. एकदा भाद्रपदात पिशवीभर साबुदाणा आणि वरीचे तांदूळ घेऊन आले. यादीत एक अक्षर चुकलं नव्हतं, फक्त ती श्रावणातली होती.

"चुकलं काय त्यात?" ते अक्काला म्हणाले. "म्हणून दाखवू काय परत?"

त्यांच्या वर्गाला एक नियम होता. 'येत नाही' हे शब्द चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचे. आलं नाही तरी चालेल, पण तोंड उघडायचं. शेजारचं मूल म्हणतंय त्याच्या मागं लागायचं, आणि चार वेळा मागं लागलं की पाचव्यांदा आपोआप पुढं जाता येतं, असं त्यांचं शास्त्र होतं. ते खोटं नव्हतं. मी स्वतः पाहिलं आहे, ज्या हमालाच्या पोराला घरात कुणी अक्षर दाखवलं नाही तो दाजींच्या वर्गात तीसपर्यंत पाढे ठणठणीत म्हणायचा. म्हणूनच, गल्लीतली सगळी मुलं पिवळ्या बसमधून इंग्लिश शाळेत जात असताना मी माझ्या मुक्ताला दाजींच्या शाळेत घातलं. लोकांनी मला वेड्यात काढलं. मुक्ता मात्र चौथीत गेल्यावर दुकानाच्या गादीवर बसून असे पाढे म्हणायची की गिऱ्हाइकं थान उलगडायचं सोडून ऐकत राहायची, आणि मला वाटायचं, माझं गणित बरोबर आलं.

मग शाळेपुढचा रस्ता खोदला. रुंद करायचा होता. किती दिवसांत व्हायचा ते कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायचं कुणाला हेही माहीत नव्हतं. एका बाजूला मातीचे ढीग, दुसऱ्या बाजूला खडीच्या लॉऱ्या, मधून बसगाड्या आणि आटो एकमेकांच्या तोंडावर धूर सोडत मुंगीच्या पावलानं चाललेले. चौथीच्या खिडक्या नेमक्या रस्त्याकडं. लावल्या तर जीव गुदमरतो, उघडल्या तर बाकावर बोटानं नाव लिहिता येतं. मुलांचे डोळे लाल झाले. आधी एकदोघांचे, मग अख्ख्या बाकाचे. सकाळी पापण्या चिकटलेल्या, दुपारी डोळ्यांतून पाणी, आणि दिवसभर मुठींनी चोळणं. मुक्ता तर जेवतानाही डाव्या हाताच्या मनगटानं उजवा डोळा चोळायची. तिच्या आईनं ओरडून पाहिलं, गुलाबपाणी घालून पाहिलं. मी म्हणालो, धूळ आहे, पाऊस पडला की बसेल.

दाजी मात्र दुकानात आले आणि पाऊणकी न म्हणता म्हणाले, "बाबू, पांढरं मांजरपाट दे एक मीटर. खळ नसलेलं."

त्या मांजरपाटाचा त्यांनी हातरुमालाएवढा चौकोन फाडला आणि सोमवारी सकाळी ओला करून खिडकीच्या गजांना बांधला. शनिवारी सोडवला तेव्हा त्याचा रंग मला दुकानातल्या कुठल्याच थानाच्या नावानं सांगता येईना. पुढच्या सोमवारी दुसरा चौकोन. असे आठवडेच्या आठवडे. काढलेले चौकोन ते वर्गाच्या भिंतीवर ओळीनं टाचत. मुलं त्याला 'गुरुजींचं धुणं' म्हणत. एके दिवशी ते सगळे चौकोन वर्तमानपत्रात गुंडाळून, कानडीत एक लांबलचक निवेदन पाठ करून दाजी महापालिकेत गेले. तिथल्या साहेबांनी निवेदन निम्म्यावर येईपर्यंत ऐकलं, वरचा चौकोन दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाले, "मास्तरे, इदन्न मडिवाळरिगे कोड्री." मास्तर, हे धोब्याला द्या. दाजींचं पुढचं निम्मं निवेदन पाठ होतं, ते थांबवता येईना, म्हणून त्यांनी ते बाहेरच्या बाकावर बसलेल्या शिपायाला म्हणून दाखवलं आणि घरी आले.

हार मानणं त्यांच्या पाठात नव्हतं. त्यांनी मुलांसाठी एक ओळ रचली, "डोळा चोळू नये, डोळा धुवावा." प्रत्येक तासाच्या घंटेला अख्खा वर्ग नळावर जाऊन डोळ्यांवर पाणी मारी आणि रांगेत परत येताना ही ओळ म्हणे. मी एकदा मुक्ताचा डबा द्यायला गेलो तेव्हा ती रांग पाहिली. सगळी मुलं एका सुरात म्हणत होती, डोळा चोळू नये, आणि म्हणता म्हणता चोळत होती. मला तेव्हा हसू आलं. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

भिंतीवर परत टाचलेलं गुरुजींचं ते धुणं वाया गेलं नाही, हे मात्र खरं. आमच्या दुकानात डोळ्यांच्या एक डॉक्टरबाई पडद्यांचं कापड घ्यायला येतात. मी त्यांना हसत हसत दाजींच्या चौकोनांची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात शाळेत जाऊन त्यांनी भिंत पाहिली, मुलांचे लाल डोळे पाहिले, थेंबांच्या बाटल्या दिल्या आणि म्हणाल्या, सगळ्यांची नजर तपासायला हवी. पहिली चाळणी शाळेतल्या मास्तरांनी करायची, जी मुलं अडखळतील त्यांना दवाखान्यात पाठवायचं, अशी पद्धत असते. त्यांनी एक तक्ता पुढं केला. त्यावर एकच इंग्रजी ई चारी दिशांना तोंड करून छापलेला. मुलानं बोटानं दिशा दाखवायची, झालं. वाचता न येणाऱ्यांसाठी असतो तो.

इथं दाजींचा मान दुखावला. "आमची मुलं निरक्षर नव्हेत बाई," ते म्हणाले. "हातवारे कशाला? अक्षरं दाखवतो की. मराठी अक्षरं."

बाईंनी अक्षरांची मापं कागदावर लिहून दिली. दाजींनी माझ्याकडून शर्टांच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा नेला, तीन दिवस खपून काळ्या शाईनं तक्ता काढला. दाजींचं अक्षर म्हणजे काय सांगावं. वर मोठा ग, त्याखाली म ट, मग क ल प, न र ध व, आणि सर्वांत खाली बारीक च त स ब य. छापखान्याला लाजवील असं काम. माझी लोखंडी मीटरपट्टी नेऊन त्यांनी सहा मीटर मोजून जमिनीवर खडूची रेघ ओढली. आणि मुलं परक्या वस्तूला बिचकू नयेत म्हणून तपासणीच्या आठ दिवस आधीच तो तक्ता फळ्याशेजारी टांगून ठेवला.

ज्या वर्गात भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा मुलांना पाठ होतं त्या वर्गात. त्यात, दाजी काय डोळे मिटून आठ दिवस गप्प बसणार होते? हातात छडी असली की ती भिंतीवरच्या अक्षराकडं जाणारच. दोनदा त्यांनी सहज म्हणवून घेतलं. ग, मट, कलप, नरधव, चतसबय. चांगली चाल लागली. मुक्ता ते घरी झोपाळ्यावर म्हणायची.

तपासणी झाली. एकेक मूल खडूच्या रेघेवर उभं राहिलं, एक डोळा तळव्यानं झाकून खणखणीत म्हणालं, दुसरा झाकून पुन्हा म्हणालं. संध्याकाळी दाजी दुकानात आले ते पेढे घेऊन. "अख्खी चौथी पास," म्हणाले. "एक पोर अडखळलं नाही, बाबू. धुळीत राहून सुद्धा." मी पेढा खाल्ला. मुक्ताच्या तोंडात मीच दुसरा घातला.

त्यानंतर महिन्याभरानं, शनिवारी दुपारी, मुक्ता गादीवर माझ्याजवळ बसली होती. गिऱ्हाईक नव्हतं. आमच्या समोर रस्त्यापलीकडं इतकी वर्षं भांड्यांचं दुकान होतं. म्हाताऱ्या मालकानंतर मुलानं भांडी काढून मोबाईल लावले आणि पंधरा दिवसांपूर्वी पाटीही बदलली, निळ्या रंगाची, हातभर कानडी अक्षरांची. वेळ जाईना म्हणून मी म्हटलं, "मुक्ता, समोरची पाटी वाच बघू."

मनगटानं उजवा डोळा चोळत ती म्हणाली, "पात्रे अंगडी. होलसेल अँड रिटेल."

ही भांड्यांची जुनी पाटी. मला वाटलं माझी चेष्टा करतेय. "नीट बघ की," म्हटलं. तिनं नीट बघितल्यासारखं केलं आणि पुन्हा तेच म्हणाली, आणखी मोठ्यानं. मी तिचा डावा डोळा हातानं झाकला. "आता सांग, काय दिसतं?"

"अप्पा," ती म्हणाली, "तिथं पाटी आहे हे माहीत आहे मला."

थान तसंच उघडं टाकून मी तिला घेऊन डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी यंत्रावर पुष्कळ वेळ पाहिलं. मग शांतपणे सांगितलं की उजव्या डोळ्याचं बुबुळ पातळ होऊन पुढं टोकदार व्हायला लागलं आहे; डाव्यालाही लांबचं अंधुकच दिसतं, पण तो नुसता चष्म्याचा नंबर. धुळीधुरानं डोळे खाजतात, मूल चोळत राहतं, आणि काही मुलांचं असं होतं. चष्म्यानं थोडं सुधारेल. थेंब घालून वर किरण सोडण्याचा एक उपचार आहे, तो लगेच करायचा, म्हणजे ते आहे तिथं थांबेल. "गेलेली नजर पूर्ण परत येईल असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "आहे ती राखायची." मग त्यांनी शाळेची यादी काढली, मुक्ताच्या नावापुढची बरोबरची खूण पाहिली आणि मला विचारलं, "तपासणीत कशी काय सुटली ही?"

रस्त्यात मी मुक्ताला विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस. ती म्हणाली, "मला वाटलं सगळ्यांनाच असं दिसतं."

सोमवारी मी शाळेत गेलो तो भांडायला. दाजींना काय काय ऐकवायचं ती वाक्यं जाताना स्कूटरवर मी पाठ केली होती. वर्गाच्या दारात त्यांना पाहिलं आणि एकही आठवेना. मी एवढंच म्हणालो, "दाजी, मुक्ताला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. तुमचा तक्ता तिला पाठ होता."

ते फळ्याजवळ गेले, खिळ्यावरून तक्ता काढला आणि उलटा करून छातीशी धरला. आता मुलांच्या समोर नुसता कोरा पुठ्ठा. पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, "वाच."

तिनं शिकवल्याप्रमाणं एक डोळा तळव्यानं झाकला आणि म्हणाली, "ग. मट. कलप. नरधव. चतसबय." दुसरं मूल उभं राहिलं, तेही एका दमात म्हणालं. तिसऱ्यानं सुरुवात केली तेव्हा मागच्यांना वाटलं सामूहिक चाललंय, आणि अख्खा वर्ग त्या कोऱ्या पुठ्ठ्याकडं पाहून मोठ्या आनंदानं एका सुरात वाचायला लागला. बाहेर लॉरी खडी ओतत होती, तिच्यावरही त्यांचा आवाज चढला. दाजींनी त्यांना थांबवलं नाही. म्हणून झाल्यावर मुलं नेहमीप्रमाणं शाब्बासकीची वाट पाहत राहिली. दाजी पुठ्ठा तसाच धरून खुर्चीवर बसले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं, आणि माझं भांडण तिथंच संपलं.

संध्याकाळी ते अक्काला घेऊन आमच्या घरी आले. अक्का वाटभर बोलली असावी, ती सरळ आत गेली. दाजी मुक्ताजवळ जमिनीवर बसले. "दिसत नव्हतं तर मला सांगायचं नाही काय ग?"

"तुम्हीच तर म्हणता, येत नाही म्हणायचं नाही," मुक्ता म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती फक्त नियम सांगत होती. दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर दाजी बदलले. त्यांनी तो सुंदर तक्ता स्वतःच्या हातानं फाडला. अक्षरांचे सुटे पत्ते कापले, प्रत्येक मुलाला वेगळे, रोज पिसून, आणि एकेकाला खोलीबाहेर बोलावून पुन्हा तपासणी केली. आणखी चौघं सापडली. त्यांना बाईंकडं स्वतः हाताला धरून नेलं, आईबापांपुढं आपली चूक आपल्या तोंडानं सांगितली. एक आई त्यांना फार टाकून बोलली. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. मुक्ताच्या उपचाराच्या दिवशी ते सकाळपासून दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. ओठ हलत होते. मी जवळ जाऊन ऐकलं, पाऊणकी म्हणत होते. चुकत होते.

वर्गाचा नियमही बदलला. आता रोज सकाळी प्रत्येक मुलानं एक तरी गोष्ट सांगायची, जी त्याला येत नाही किंवा दिसत नाही. प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला दहापैकी दहा. पहिले काही दिवस मुलं घाबरली, मग चढाओढ लागली. महापालिकेत दाजी पुन्हा जाऊन आले. या वेळी निवेदन पाठ केलं नव्हतं. ते म्हणाले, मी नुसतं पाच मुलांना चष्म्यासकट समोर उभं केलं आणि गप्प बसलो. पाण्याचा टँकर सुरू झाला. आठवडाभर रोज आला, आता कधी येतो, कधी येत नाही. खिडकीवरचं मांजरपाट सुरूच आहे; सोमवारी सकाळी मी एक चौकोन फाडून ठेवतो.

येत्या मे महिन्यात दाजी निवृत्त होतील. मुक्ताचा डोळा होता तिथं थांबला आहे. थांबला आहे, हे बाईंनी सांगितलं त्या दिवशी मी मारुतीला नारळ फोडला. जाड भिंगाचा चष्मा लावून ती रविवारी गादीवर बसते, आणि दाजी येऊन तिच्याकडून रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचून घेतात. सवयीची पाटी ते घेत नाहीत. कुठला तरी नवा फलक, जाणाऱ्या आटोमागची ओळ, हातगाडीवरचा भाव. जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणून सांगते, तरी दहा. वर्गात आता पूर्वीसारखा पाढ्यांचा गजर होत नाही. मी कधी शाळेवरून गेलो की ती शांतता मला बरी वाटते आणि चुकल्यासारखंही वाटतं.

गेल्या रविवारी मुक्तानंच डाव उलटवला. मोबाईलच्या दुकानाशेजारी नवी पाटी लागली होती. "दाजी, आज तुम्ही वाचा."

दाजींनी डोळे बारीक केले. मान पुढं केली, मागं घेतली. आताशा ते जिना उतरताना कठडा चाचपतात, फळ्यावरचं न बघताच शिकवतात, हे अक्कानं मला सांगितलं होतं, पण त्यांच्यासमोर कुणी काढत नव्हतं. पूर्वीचे दाजी असते तर त्यांनी त्या बाजूची सगळी दुकानं ओळीनं म्हणून दाखवली असती आणि आम्ही फसलो असतो.

"नाही ग बाळ," ते हळूच म्हणाले. "मला दिसत नाही."

मुक्तानं त्यांचा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि बोटानं त्यावर दहा लिहिले. दाजींनी मूठ मिटली, आणि दुकान वाढवायची वेळ होईपर्यंत ती उघडली नाही.